पुढची बाजू तुमची

आदरणीय व्याहीबुवा,

इंजिनाकडच्या मंडळींना ब्रेकव्हॅनकडून दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असाल असं पुढे लिहायची रीत आहे, पण तुम्ही तसे नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गाळतो. आमची लेक तुमच्याच घरात सून आहे, तेव्हा बातमी लागते. ताट अर्धं परत येतं, खिडकी उघडत नाही, दाढी वाढली आहे, आणि कोणी जरा फिरून या म्हटलं की तुम्ही भिंतीकडे कूस वळवता, इतकं कळलं. विहीणबाई गेल्यापासून तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही. लोकांनी समजूत घालून पाहिली. मी ती घालणार नाही, कारण मला ती घालता येत नाही. गार्डाच्या उभ्या नोकरीत मी माणसांना एक तर हिरवं दाखवलं, नाही तर तांबडं. फोन तुम्ही उचलत नाही. दारावर आलो तर ‘मी झोपलोय’ असं आतून स्वतःच सांगता (झोपलेला माणूस इतक्या खणखणीत आवाजात बोलत नाही, व्याहीबुवा). म्हणून हे पत्र. जावईबापू ते चहाच्या कपाशेजारी ठेवतील. पत्र वाचलं नाहीत तरी चहा तेवढा गरम असताना घ्या.

मुख्य वर्तमान असं की मी आपल्या लाईनीवर अपघात केला. तुम्ही पुढे इंजिनात आणि मी मागे ब्रेकव्हॅनमध्ये होतो तोवर आपल्या गाडीला कधी ओरखडा आला नाही, आणि आता रूळ उचलून नेल्यावर, ज्या लाईनीवर गाडीच नाही त्या लाईनीवर, मी अपघात केला. तुमच्या कानावर उडत उडत आलं असेलच. पण जे उडत फिरतंय त्यात मी घोड्यावरून पडलो असं आहे. ते साफ खोटं. घोडा होता, पण मी त्याच्यावर नव्हतो. क्रमाने सांगतो.

तुम्ही ती वाट पाहिलेली नाही. रूळ उचलले त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात की जिथे इंजिन चालवलं तिथे चपला फरफटत हवा खायला येणार नाही, आणि तुम्ही शब्दाचे पक्के. म्हणून तिथे काय चाललंय ते मीच सांगतो. खडी काढून बारीक मुरूम अंथरलाय आणि रोलर फिरवून दाबलाय. लोक तिला ट्रेल म्हणतात. आमची ही अजून लाईनच म्हणते. ट्रेलवर चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या, कुत्री आणि सुट्टीच्या दिवशी घोडे, असे सगळे एकाच लाईनीवरून, दोन्ही दिशांनी, एकाच वेळी जातात. सिग्नल नाही, केबिन नाही, समोरची गाडी कुठवर आलीय हे विचारायला कोणी नाही. पहिल्या दिवशी हे पाहून मी बाकावर बसून घेतलं. व्यवस्था म्हणून एक पाटी आहे: चालणाऱ्यांनी डावीकडून चालावे, सायकलवाल्यांनी घंटी वाजवावी, घोड्याला सर्वांनी वाट द्यावी. त्यातली घोड्याची सूचना तेवढी पाळली जाते, कारण ती घोडा स्वतः पाळून घेतो.

मी तिकडे गेलो तो हौसेने नाही. हिला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, आणि मला तिने. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ती पुढे चालू लागली आणि मी आपोआप तिच्या मागे गेलो. अंतर राखून. मधूनमधून दोन्ही बाजूंना वाकून बघत, कुठे काही लोंबतंय का, काही घासतंय का (हिच्या पदराचं टोक लोंबत होतं, मी शिट्टी मारून कळवलं). जन्मभराची सवय, माझं शरीरच शेपटाला चालतं. एका पळणाऱ्या बाईंनी हे पाहिलं. त्या थांबल्या, हिच्याजवळ गेल्या आणि हळूच विचारलं की तो मागचा माणूस तुम्हाला त्रास देतोय का. आमच्या हिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. विचार केला. आणि म्हणाली, “हो. लग्न झाल्यापासून.” ती बाई मला बरंच बोलली. हिने तिला मध्ये थांबवलं नाही, सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी तिला म्हणाली की पोरी, किती छान बोलतेस गं.

पुढे मी हिच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न केला, पण मान सारखी मागे वळायची आणि मी बाबागाड्यांवर जायचो. निघताना हिरवा रुमाल हलवल्याशिवाय मला बाकावरून उठवत नसे, आणि माझा रुमाल खिशातून निघेपर्यंत ही निघून गेलेली असे. शेवटी तिनेच तोडगा काढला. ती जुन्या स्टेशनाच्या फलाटावर तिच्या मैत्रिणींबरोबर येरझाऱ्या घालणार (फलाट अजून आहे, त्यावर बाक ठेवलेत आणि एक चहाची टपरी आहे), आणि मी सायकल घेऊन वाटेल तिथे जाऊन यायचं. भाच्याची जुनी सायकल माळ्यावरून काढली. सायकल लहानपणी येत होती, ती अजून येते. फक्त मी पुढचा ब्रेक वापरत नाही. हात जातच नाही तिकडे. पुढच्या ब्रेकचा आणि माझा कधी संबंध आला नाही.

आता अपघाताकडे येतो. गाडी मध्येच उभी राहिली तर काय करायचं हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण जावईबापू हे पत्र वाचल्याशिवाय ठेवणार नाहीत, म्हणून त्यांच्या माहितीसाठी लिहितो. गार्डाने खाली उतरायचं, तांबडं निशाण घ्यायचं, आणि आलो त्याच दिशेने मागे चालत जायचं, म्हणजे मागून येणारी गाडी आपल्या गाडीवर आदळणार नाही. गाडीची हलवाहलव करायची नाही. पुढे काय होतंय याची चिंता करायची नाही. पुढची बाजू ड्रायव्हरची. हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की हिच्या म्हणण्याप्रमाणे मी झोपेतसुद्धा उशीच्या मागची बाजू सांभाळतो.

त्या दिवशी बोगदा ओलांडून वळणावर आलो आणि सायकलीची साखळी उतरली. सायकल उभी राहिली. बस्स. पुढचं मी केलं नाही, ते झालं. मी उतरलो. कॅरिअरला हिची तांबडी छत्री अडकवलेली होती, ती घेतली. सायकल होती तिथेच, वाटेच्या मधोमध, आडवी ठेवली. बोगद्यातून चालत मागे आलो आणि अलीकडच्या तोंडाशी छत्री उघडून उभा राहिलो (मागच्या गाडीला इशारा म्हणून नियमाप्रमाणे रुळांवर फटाकेही लावायला हवे होते, पण रूळ नव्हते, आणि फटाके घरात ठेवायला हिने कधी परवानगी दिली नाही).

व्याहीबुवा, लोक थांबले. आजकाल कोणी कोणाचं ऐकत नाही म्हणतात, ते खरं नाही. ठाम चेहऱ्याचा म्हातारा तांबडी छत्री धरून उभा असला तर माणसं थांबतात. पहिल्यांदा एक आजी-आजोबा थांबले, मग बाबागाडीवाली, मग पळणारे. पळणारे थांबले तरी जागच्या जागी पळत होते. मागून सायकली आल्या. मग घोडा आला, त्यावर एक बाई होत्या. घोडाही थांबला, पण त्याला छत्री आवडली नाही. काय झालंय असं सगळे विचारू लागले. मी म्हणालो, पुढे गाडी उभी आहे. माझा आवाज असा होता की कोणाला शंका घ्यायचं धाडस झालं नाही. मागच्यांनी आपल्या मागच्यांना सांगितलं, आणि ते शेवटपर्यंत पोहोचेतो बोगदा ढासळला, आत माणसं अडकली, असं होऊन बसलं. एक जण मदतीसाठी फोन लावत होता. एक बाई रडू लागली, कारण नवरा पुढे पळत गेलाय असं तिला वाटत होतं (तो मागाहून सुखरूप सापडला, टपरीवर, केक खाताना. तिने त्याला ज्या नजरेने पाहिलं त्यापेक्षा बोगदा बरा).

मी अगदी शांत होतो. इतक्या दिवसांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मागची बाजू सुरक्षित होती. तेवढ्यात बोगद्याच्या पलीकडून भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज आला.

आम्ही सगळे आत धावलो (घोडा सोडून. घोड्याने छत्रीचा राग मनात धरला होता आणि तो गावाकडे निघाला, त्याच्यामागे त्याच्या मालकीणबाई धावल्या. घोड्यावरून पडण्याची जी गोष्ट फिरतेय ती इथून फुटली. पडल्या त्या बाई, आणि त्याही गवतावर). पलीकडे वळणावर माझी सायकल दुमडून पडली होती. शेजारच्या झुडपात पोपटी रंगाचे घट्ट कपडे घातलेला एक मनुष्य बसला होता. तो समोरून, भरधाव, वळणावरून आला होता. कोपर खरचटलं होतं, बाकी धडधाकट. तो ओरडला, “ही सायकल वाटेत टाकली कोणी? पुढून कोणी येईल याचा विचार नको का करायला?”

आणि मी त्याला म्हणालो, “पुढचं ड्रायव्हर बघतात.”

व्याहीबुवा, मी हे अगदी सहज बोललो. त्यावर सगळ्यांनी माना वळवून पुढे पाहिलं. त्या पोपटी माणसानेही पाहिलं. मीही पाहिलं. वळण होतं, नदी होती आणि ऊन होतं. तिथे कोणी नव्हतं. मग मला खाली बसावंसं वाटलं आणि मी त्याच्या शेजारी झुडपातच बसलो. तो मघाशी इतका चिडला होता, पण माझं तोंड बघून त्याने आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. काय झालं आजोबा, म्हणाला. लाईन बंद झाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण तुम्ही होतात. विहीणबाई गेल्या तेव्हाही मी तुमच्यासाठी रडलो. पण पुढे कोणी नाही, हे मला तिथे, त्या झुडपात पहिल्यांदा कळलं. कळलं तेव्हा फार भीती वाटली. हे कोणाला बोललो नव्हतो, तुम्हाला लिहितोय.

आपण एकत्र काम केलं म्हणजे काय केलं? तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये सगळी गाडी. चार शब्द बोलायचो ते सुटायच्या आधी आणि पोहोचल्यावर. पण तुमचं सगळं मला मागे कळायचं. गाडी कशी ओढलीत, ब्रेक कसा दाबलात, यावरून तुमचं मन कळायचं. विहीणबाईंशी तुमचं वाजलं असलं की सुटतानाच असा हिसका बसे की माझा चहा माझ्या पांढऱ्या कोटावर. घरी गेलो की ही कोटावरचा डाग बघूनच म्हणे, आज त्यांच्याकडे काहीतरी बिनसलंय, आणि त्यांच्याकडे चौकशीला जाई. मुलगा झाला त्या दिवशी तर तुम्ही गाडी अशी थांबवलीत की थांबली हे प्रवाशांना कळलंच नाही, दारं उघडायला उशीर झाला. आता तुमच्याकडून काहीच येत नाही. हिसका नाही, धक्का नाही. लेकीकडून अर्ध्या ताटाची बातमी येते तेवढीच. मला त्यातून काही वाचता येत नाही.

असो. पुढचं थोडक्यात. आमची ही फलाटावरून धापा टाकत आली. तिने पोपटी माणसाचं कोपर पुसलं, त्याला वळणावर इतक्या जोरात येतात का म्हणून झापलं, मग मला झापलं, मग छत्रीची तार वाकडी झाली म्हणून पुन्हा मला झापलं. मनुष्य भला निघाला. त्याचं सायकलीचंच दुकान आहे. माझी सायकल त्याने उचलून पाहिली आणि डोकं हलवलं. म्हणाला, “आजोबा, एकट्याने चालवायची सायकल तुम्हाला जमायची नाही. तुम्हाला पुढे कोणीतरी लागतं.” तो वैतागून बोलला होता, पण मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल आहे, एकामागे एक बसायची. हँडल पुढच्याकडे, ब्रेक पुढच्याकडे, घंटी पुढच्याकडे. मागच्याने फक्त पायडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. ती पाहिली आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याने ती वापरून बघायला दिलीय. मी पहिल्यांदा हिला पुढे बसवलं. हिचा हात चांगला आहे, पण ओळखीचं माणूस दिसलं की ती थांबते, आणि हिच्या ओळखीचं नाही असं माणूस त्या वाटेवर नाही. फलाटापासून बोगद्यापर्यंत जायला आम्हाला सकाळ पुरली नाही. मग ती म्हणाली, जन्मभर मागे राहिलात, आता एकदा पुढे बसून बघा. बसलो. मागे बघत बघत सरळ चरात गेलो. ती चरातून वर आली, साडी झटकली आणि म्हणाली की पुन्हा मला या सायकलीवर बस म्हणालात तर मी माहेरी जाईन. तिला माहेर उरलेलं नाही, पण तिने काढलं असतं एखादं.

त्यानंतर लेकीने फर्मान काढलं की बाबांनी आता त्या वाटेवर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. तेव्हा सायकल आमच्या दारात भिंतीला टेकून उभी आहे आणि मी तिच्याशेजारी. येणारे जाणारे विचारतात कोणाची वाट बघताय. मी म्हणतो, कोणाची नाही, ऊन खातोय.

बाकी सर्व ठीक. जावईबापूंना आणि लेकीला आशीर्वाद. नातीला गालगुच्चा, हलक्या हाताने. तुम्हाला पुन्हा नमस्कार. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका, लिहिणार नाहीच आहात.

आपला,
ब्रेकव्हॅनवाला व्याही

ता. क. वर काही मागितलं नाही, कारण मागायचं धाडस होईना. आता मागतो. उद्या सकाळी मी ती लांब सायकल घेऊन तुमच्या दाराशी येतो. पुढे बसा. लेकीचा हुकूम आहे, मला एकट्याने जाता येत नाही, आणि माझे पाय घरात बसून आखडलेत. माझ्यावर उपकार म्हणून या.

पुन्हा ता. क. वरचं थोडं खोटं आहे. लेकीने फर्मान काढलेलं नाही. ती बिचारी कशाला काढेल? मीच तिला म्हटलं की तू एक फर्मान काढ, म्हणजे मला व्याह्यांकडे निमित्त होईल. ती म्हणाली, बाबा, निमित्त कशाला, खरं सांगा ना. खरं इतकंच की मला तुमच्यावाचून करमत नाही. माझे पाय ठणठणीत आहेत.

आणखी एक. हे आमची ही शेजारी बसून लिहायला लावतेय, मी लिहिणार नव्हतो. विहीणबाईंना भाजी आणायला इतका वेळ का लागतो, असं तुम्ही एकदा मला विचारलं होतंत. भाजी दहा मिनिटांची होती. दोघी विहिणी रोज लाईनीवर जायच्या. तुम्ही तिथे न जाण्याची शपथ घेतलेली, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर वळणावर नदी एकदम समोर येते, तिथे त्या थांबायच्या. हिला म्हणायच्या, मला कधी यांच्या इंजिनात बसायला मिळालं नाही, हे रोज काय बघत होते ते मला बघायचं होतं. आणि म्हणायच्या, सुंदर आहे गं, मला घरी येऊन कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तुम्हाला एकदा तिथे आणायचं त्यांच्या मनात होतं. कसं आणायचं ते दोघींना सुचत नव्हतं.

आता खरंच शेवटचं. मी दार वाजवणार नाही आणि आत येणार नाही. तुम्ही आला नाहीत तर परवा पुन्हा येईन. दाढी करायची गरज नाही. त्या सायकलीवर मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते, व्याहीबुवा. तेव्हा नदीपाशी रडू आलं तर खुशाल रडा, मी पायडल मारत राहीन.